अहमदाबादचा वारसा आणि त्याचे वारसदार

अहमदाबादेस कामानिमित्त जाऊन येणारी मराठी माणसे पुष्कळ आहेत. परंतु साबरमतीच्या पूर्वतीरावरील जुने शहर पायी हिंडून पाहिलेला मनुष्य त्यांत क्वचितच भेटतो. आश्रमाचे दर्शन घ्यावे, कांकरिया तलावाला एक फेरी घालावी, खाखऱ्यांचे पुडे आणि बांधणीची ओढणी पिशवीत टाकावी आणि परतीची गाडी गाठावी, असा सर्वसाधारण परिपाठ. त्यात गैर काहीच नाही. मात्र ज्या नगरीला ८ जुलै २०१७ रोजी युनेस्कोने भारतातील पहिले जागतिक वारसा शहर म्हणून मान्यता दिली, ती सुमारे ५३५ हेक्टरांची कोटाच्या आतली नगरी या परिपाठात कोठेच येत नाही. ती मोटारीतून दिसतही नाही. कारण तिच्या गल्ल्यांत मोटार शिरत नाही.

आमच्या कचेरीत निरनिराळ्या भाषांचे विभाग शेजारीशेजारी बसतात. एकच मजकूर अनेक भाषांत जावयाचा असला, की एखाद्या शब्दावरून वाद रंगतो आणि दुपारचा चहा निवून जातो. असा एक शब्द म्हणजे ‘वारसा’. मराठीत वाडवडिलांची मिळकतही वारसा आणि पूर्वजांची कीर्तीही वारसाच. गुजरातीतील ‘वारसो’ या शब्दाची हीच गत. बंगालीत मात्र कीर्तीला ‘ऐतिह्य’ आणि मिळकतीला ‘उत्तराधिकार’ असे दोन निराळे शब्द योजावे लागतात. तमिळ विभागाच्या अक्काही दोन शब्दांवाचून हलत नाहीत. “तुम्हां दोघांच्या भाषा आळशी आहेत,” असे बंगाली विभागाचे दादा आम्हांला नेहमी चिडवीत. त्यावर गुजराती विभागाचे भाई, ज्यांचे बालपण कालुपुरातच गेले, एकदा म्हणाले, “दादा, एकदा आमच्या पोळेत चला. तेथे या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवा, मग बोलू.”

या आव्हानातून माघातल्या एका शनिवार-रविवारचा बेत ठरला. भाई, दादा, अक्का आणि मी असे आम्ही चौघे दिल्लीहून रात्रीच्या गाडीने निघालो आणि दोन सकाळी अहमदाबादच्या जुन्या शहरात पायी हिंडलो. त्या दोन सकाळींचा हा वृत्तांत.

कोट गेला, पोळा राहिल्या

सुलतान अहमदशहाने १४११ साली साबरमतीच्या काठी हे शहर वसविले आणि पाटणहून आपली राजधानी येथे आणली. नदीकाठी शिकारी कुत्र्यांवर एक ससा उलटून धावला. ज्या भूमीतील ससा इतका धीट, तेथे शहर वसवावे असे सुलतानाच्या मनाने घेतले, ही कथा गुजरातेत लहान मुलेही सांगतात. दुसरी कथा माणेकनाथ नावाच्या साधूची. दिवसा तट चढू लागला, की हा साधू एक चटई विणावयास घेई आणि रात्री ती उसवून टाकी. त्याबरोबर दिवसभर रचलेला तटही ढासळे. अखेर त्याची मनधरणी झाली आणि त्याचे नाव शहरातील मुख्य चौकाला मिळाले. महमूद बेगड्याच्या काळात शहराभोवती कोट पुरा झाला आणि त्याला बारा मोठे दरवाजे ठेवले, असे सांगतात. विसाव्या शतकात तो तट बहुतेक ठिकाणी पाडून टाकण्यात आला. दरवाजे मात्र अद्याप रहदारीच्या मधोमध उभे आहेत, भिंत नाहीशी झालेल्या वाड्याच्या दिंड्यांसारखे.

कोट गेला तरी शहराची वीण उसवली नाही, याचे कारण पोळा. मराठी कानाला पोळ म्हटले, की मोकाट बैल आठवतो. येथे या शब्दाचे मूळ संस्कृत ‘प्रतोली’, म्हणजे वेशीचा दरवाजा, असे मानतात. एक दरवाजा, त्याच्यावर पहारेकऱ्याची खोली, आत एक वाकडीतिकडी गल्ली, तिच्या दोहों बाजूंस एकमेकींना भिंती लावून बसलेली घरे, मध्ये देऊळ किंवा देरासर, एक विहीर आणि नोटिसा लिहावयाचा काळा फळा, एवढे मिळून पोळ होते. एका जातीची वा एका धंद्याची कुटुंबे बहुधा एका पोळेत राहत. रात्री दरवाजा बंद होई. पोळेचे पंच असत, पोळेचा स्वतःचा खजिना असे आणि घर विकावयाचे तर प्रथम पोळेतल्या लोकांना विचारावे अशी रीत असे. अशा सुमारे सहाशे पोळा या शहरात मोजल्या जातात. पहिली मानली जाणारी मुहूर्त पोळ माणेकचौकाजवळ आहे. नावावरूनच तिचा मान कळतो.

अहमदाबाद महानगरपालिकेने १९ नोव्हेंबर १९९७ पासून या भागात वाटाड्यासह पदयात्रा सुरू केली. ती सकाळी आठ वाजता कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघते आणि जामा मशिदीपाशी संपते. आम्ही शनिवारी तिच्यातच सामील झालो. मंदिर १८२२ सालचे. त्याच्या प्रांगणातील हवेलीचे ब्रह्मदेशी सागवानात कोरलेले खांब आणि त्यांवरील रंगीत मूर्ती पाहतापाहता तेथेच अर्धा तास गेला असता. परंतु वाटाड्याने घाई केली. तेथून दोन वळणांवर एका घराच्या ओट्यावर पितळी वर्णाची एक बसलेली मूर्ती दिसली. हे कवी दलपतराम (१८२०–१८९८). ‘बुद्धिप्रकाश’ मासिकाचे ते संपादक होते आणि ‘रासमाळा’कार फोर्ब्ससाहेबांचे सहकारी. कवीचे मूळ घर आता नाही. त्या जागी महानगरपालिकेने त्याची दर्शनी बाजू तेवढी पुन्हा उभारून हा चौक सजविला आहे. मागे खोल्या नसलेले ते घर पाहून अक्का म्हणाल्या, “मुखपृष्ठ आहे, आत पाने नाहीत.” संपादकाच्या स्मारकाला हा शेरा फार लागू पडला.

पाखरांचा वाटा, पावसाचा वाटा

पुढे लांबेश्वरनी पोळ, हाजा पटेलनी पोळ अशी वाट चालू लागली. नकाशा येथे निरुपयोगी. गल्ली संपली असे वाटावे तोच भिंतीत एक बोळ उघडतो. एका घराचा जिना वाटला तो दुसऱ्या पोळेत उतरण्याचा मार्ग निघतो. संकटाच्या वेळी बायकामुलांना बाहेर पडता यावे म्हणून अशा चोरवाटा मुद्दाम ठेवलेल्या असत. काळ्या रामजीच्या मंदिरापाशी मला अर्थातच नाशिक आठवले. मूर्ती तशीच काळ्या पाषाणाची, पण मंदिर घरासारखे, शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत लावून बसलेले. विजेच्या तारांवर संक्रांतीच्या पतंगांचे सांगाडे अजून लोंबत होते.

बहुतेक पोळांत, जेथे गल्ली थोडी रुंदावते तेथे, एक चबुतरा असतो. चबुतरा म्हणजे खांबावर उभारलेले, नक्षीदार कठड्याचे छोटेसे छत्र. त्यावर रोज दाणे टाकतात. इतक्या दाट वस्तीत झाडे वाढावयास जागा नाही; झाडे नाहीत म्हणून पाखरांनी उपाशी राहू नये, हा त्यामागचा विचार. दाण्यांचा खर्च पोळ करते. दगडात आणि लाकडात कोरलेले असे सुंदर चबुतरे पाहून दादांनी वहीत टिपले की शहररचनेच्या पुस्तकांत पाखरांसाठी जागा राखून ठेवल्याचे त्यांनी तरी वाचलेले नाही.

घरांच्या आत डोकावता आले तर दुसरी एक व्यवस्था दिसते. घराच्या मध्यभागी उघडा चौक आणि त्या चौकाच्या फरशीखाली ‘टांका’, म्हणजे चुन्याने गिलावा केलेले पाण्याचे भुयारी टाके. पावसाचे पाणी छपरावरून पन्हळींतून या टाक्यात उतरते. पहिल्या एकदोन सरींचे पाणी छपराची धूळ धुऊन काढते म्हणून ते बाहेर सोडून देतात. मग पन्हळीचे तोंड टाक्याकडे वळवितात. टाक्यात ऊन शिरत नाही, त्यामुळे शेवाळ धरत नाही आणि पाणी महिनोन् महिने पिण्याजोगे राहते. हे पाणी मृदू असल्यामुळे त्यात डाळ लवकर शिजते, हे कोणतीही गृहिणी सांगेल. आज नव्या इमारतींना पर्जन्यजलसंधारणाची सक्ती करावी लागते. येथे ती घर बांधतानाच हिशेबात धरलेली होती.

घरांची बांधणीही विचारपूर्वक केलेली. विटांच्या भिंतींत ठराविक उंचीवर सागवानी तुळया आडव्या गुंफलेल्या असतात; खांब, तुळया आणि कोरीव घोडे मिळून सबंध घराचा एक लाकडी सांगाडा होतो. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात अहमदाबादेतील कित्येक नव्या बहुमजली इमारती कोसळल्या. पोळांतील लाकडी सांगाड्याची घरे बहुतांशी तगली. सांगाडा हलला, पण त्याने सांधे सोडले नाहीत. शिवाय ही घरे एकमेकांना टेकलेली आहेत. एक घर पाडले, तर दोन्ही शेजाऱ्यांचा आधार जातो. हे वाक्य वाटाड्याने सहज उच्चारले. पण पुढच्याच पोळेत त्याचा अर्थ आम्हांला पुरता कळावयाचा होता.

एका घराची हकीकत

त्या पोळेत भाईंच्या ओळखीचे एक घर होते. दोन मजले, दर्शनी भागावर वेलबुट्टीचे घोडे, ओट्यावर एक वृद्ध बाई तूरडाळ निवडीत बसलेल्या. सारी पोळ त्यांना ‘बा’ म्हणे. आम्हीही तेच म्हटले. बांनी आम्हांला आत नेले, टाक्याचे तांब्याचे झाकण उचलून दाखविले आणि त्यातले पाणी आम्हांला पाजले. मग माळ्यापर्यंत नेऊन मागच्या बाजूची एक तुळई दाखविली. ती वाळवीने खाल्ली होती. बोट लावले तर भुसा पडे.

बांना तीन मुलगे आणि एक मुलगी. मुलगे एकामागून एक नदीपार गेले. जुन्या शहरात ‘नदीपार’ म्हटले, की साबरमतीच्या पश्चिमेकडील नवी वसाहत समजावयाची: तेथे मोटार दारात उभी राहते, उद्वाहक असतो, मुलांच्या शाळा जवळ असतात. मुलांना दोष देण्याचे बांच्या मनात नव्हते. “दुचाकी ठेवावयास जागा नाही, आजारी माणसाला खुर्चीवर बसवून पोळेच्या दरवाजापर्यंत न्यावे लागते, ते का राहतील?” असे त्या स्वतःच म्हणाल्या. वडील वारले तेव्हा घराला गिऱ्हाईक आले होते. त्या व्यापाऱ्याला घर राहावयास नको होते. आतल्या भिंती काढून गुदाम करावयाचे होते. भावांनी कागद तयार केले आणि बहिणीपुढे ‘हक कमी’चा दस्त ठेवला.

‘हक कमी’ हा गुजराती शब्द ऐकून मी भाईंकडे पाहिले. “तुमचे हक्कसोडपत्र,” ते म्हणाले. मराठीत आपण हक्क ‘सोडतो’; गुजरातीत तो ‘कमी होतो’. गुजराती शब्द अधिक प्रामाणिक वाटला. माझ्या आईने अशाच एका कागदावर सही केली, त्या दिवशी मामांनी तिला साडीचोळी केली होती. ती साडी तिने कित्येक वर्षे जपून वापरली आणि त्या व्यवहाराविषयी ती कधी एक शब्दही बोलली नाही. महाराष्ट्रात अशी साडी बहुतेक घरांच्या कपाटांत सापडेल.

बांच्या मुलीने सही केली नाही. ती एका शाळेत शिक्षिका आहे. पतीसह ती आईजवळ राहावयास आली. घर विकले गेले नाही, गुदाम झाले नाही आणि दोन्ही शेजाऱ्यांच्या भिंतींचा आधार टिकला. पण गोष्ट येथे संपत नाही. तुळई बदलावयाची तर मोठा खर्च आहे. कर्ज काढावे, अथवा वारसा घरांसाठी असलेल्या योजनेचा लाभ घ्यावा, तर कागदांवर सर्व वारसांच्या सह्या हव्यात. आणि आता सही न देण्याची पाळी भावांची आहे. धाकटा तयार आहे, मधला विचार करतो, थोरल्याने फोन घेणे सोडले आहे. पावसाळ्यापूर्वी निकाल लागला नाही तर काय, असे अक्कांनी विचारले. बा डाळीतला खडा शोधीत म्हणाल्या, “खालच्या खोलीत झोपू.”

पोळेच्या बाहेर चहा घेताना आमच्यांत वाद झाला. दादांचे म्हणणे, वारस वाढतात तशी घराची शकले होतात. एकाच्या नावावर घर असते तर तुळई केव्हाच बदलली असती. अक्का म्हणाल्या, एकाच्या नावावर असते तर आज तुळई नसती आणि घरही नसते, गुदाम असते. दोघांचेही म्हणणे खरे होते. ज्या हक्काने ते घर वाचविले, तोच हक्क आज त्याच्या दुरुस्तीच्या आड येत होता. भाई काही बोलले नाहीत. पण ‘वारसा’ या शब्दाचे दोन अर्थ वेगळे करून दाखविण्याचे आव्हान दादांनी पुन्हा काढले नाही.

माणेकचौक आणि जामा मशीद

तेथून झवेरीवाड, अष्टापदजींचे देरासर आणि हरकुंवर शेठाणींची हवेली अशी वाट जाते. या हवेलीचे कोरीव घोडे पाहण्यासारखे आहेतच. पण शेठाणींचे कर्तृत्वही लक्षात ठेवण्यासारखे आहे. दिल्ली दरवाजाबाहेरील संगमरवरी हठीसिंग जैन मंदिराचे काम त्यांच्या पतीने काढले आणि मध्येच त्यांना मृत्यू आला; ते भव्य काम शेठाणींनी १८४८ साली पुरे करविले.

पुढे फर्नांडिस पुलाखालचा पुस्तकबाजार ओलांडून आम्ही माणेकचौकात आलो. हा चौक दिवसातून तीनदा वेष पालटतो. सकाळी येथे गाईंना चारा घालतात, दुपारी सोन्याचांदीचा व्यापार चालतो आणि रात्री दुकानांच्या फळ्या पडल्या, की खाद्यपदार्थांच्या गाड्या लागतात व मध्यरात्र उलटेपर्यंत सारे कुटुंब घेऊन लोक येथे जेवावयास येतात. चौकाच्या एका अंगाला अहमदशहाची कबर, ‘बादशाहनो हजीरो’. दुसऱ्या अंगाला सुलतानांच्या राण्यांच्या कबरी, ‘राणीनो हजीरो’. राण्यांच्या कबरींच्या चौथऱ्याभोवती कापड, कशिदा आणि मुखवास यांची दुकाने आहेत. राण्यांच्या शेजारी बायका ओढणीच्या रंगावरून घासाघीस करीत होत्या.

जामा मशीद १४२४ साली बांधून पूर्ण झाली. पिवळसर दगडाचे २६० खांब आणि त्यांवर पंधरा घुमट. खांबांवरील घंटा, साखळ्या, कमळे पाहिली म्हणजे ज्या हातांनी गुजरातची मंदिरे घडविली त्यांचीच परंपरा येथे राबली, हे वेगळे सांगावे लागत नाही. राजस्त्रियांना नमाजासाठी बसता यावे म्हणून उत्तरेच्या अंगास जाळीदार सज्जा आहे. प्रवेशाच्या कमानीला लागून असलेल्या उंच मिनारांचे वरचे भाग १८१९ च्या भूकंपात पडले. मंदिरापासून मशिदीपर्यंतची ही वाट अडीच तासांत संपते. या शहराने १९६९, १९८५ आणि २००२ साली दंगलींचे जे घाव सोसले, ते ठाऊक असणाऱ्याला ही वाट चालताना मन हलके ठेवता येत नाही. पोळेचे बंद होणारे दरवाजे आणि चोरवाटा यांकडे त्यानंतर नुसत्या कौतुकाने पाहवत नाही.

तीन दरवाजावरील हुकूम

रविवारी फाफडा-जिलेबीची अहमदाबादी न्याहारी करून आम्ही भद्र किल्ल्याकडे निघालो. या बाजूस मराठी पाऊलखुणा भेटतात. १७५३ साली रघुनाथराव आणि दमाजी गायकवाड यांनी अहमदाबाद घेतले. मध्यंतरी ते हातचे गेले आणि १७५८ पासून १८१७ पर्यंत ते पेशवे व गायकवाड यांच्या सामाईक अंमलाखाली राहिले. भद्रातील आझमखानाच्या सराईच्या एका दालनात भद्रकालीचे देऊळ झाले ते याच मराठी अमदानीत. रायखडाकडे गायकवाडांची हवेली आहे. पुढील काळात याच शहरात वकिली करणारे मराठी गृहस्थ गणेश वासुदेव मावळंकर लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले.

भद्रापुढे तीन दरवाजा. अहमदशहाच्या कारकिर्दीतील ही तीन कमानींची वेस आज फेरीवाल्यांच्या गर्दीत बुडालेली असते. तिच्या एका कोनाड्यात दिवा तेवत असतो. कथा अशी, की लक्ष्मी शहर सोडून निघाली असता कोतवालाने तिला थांबविले. मी बादशहाची आज्ञा घेऊन येईपर्यंत हलू नकोस, असे वचन घेतले आणि बादशहाला वृत्त सांगून, आपण परतलोच नाही तर ती येथेच राहील म्हणून, स्वतःचे शिर देऊन टाकले. लक्ष्मीसाठीचा तो दिवा एका मुसलमान कुटुंबाने पिढ्यान् पिढ्या जपला आहे.

पण मला पाहावयाचे होते ते दुसरेच. या वेशीच्या खांबावर देवनागरी लिपीत कोरलेली एक शिळा आहे. मराठ्यांचे सुभेदार चिमणाजी रघुनाथ यांनी १८१२ साली काढलेला हुकूम तीवर कोरला आहे. त्याचा आशय असा, की पित्याच्या मिळकतीत मुलीला तिचा वाटा विनाअडथळा मिळावा; हे जो मोडील तो हिंदू असेल तर महादेवाला आणि मुसलमान असेल तर अल्लाला जबाबदार राहील. आज अक्षरे झिजलेली आहेत, समोर कपड्यांचे ढीग टांगलेले असतात आणि शोधावयाचे ठरविल्यावाचून शिळा दृष्टीस पडत नाही.

मी शिळेपुढे उभी असता भाई आणि दादा फेरीवाल्याची कापडे हलकेच बाजूला धरून उभे होते. मनाशी हिशेब केला. हुकूम १८१२ चा. हिंदू वारसाहक्क कायदा १९५६ चा. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाप्रमाणे जन्मसिद्ध हिस्सा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली केली आणि सबंध देशासाठी ती २००५ साली झाली. शिळेनंतर १९३ वर्षांनी! आणि कायदा झाल्यानंतरही साडीचोळीची प्रथा चालूच आहे. दगडात कोरल्याने हुकूम टिकतो. तो पाळला जाण्यासाठी मात्र घराघरांत कोणीतरी, बांच्या मुलीप्रमाणे, लेखणी खाली ठेवावी लागते.

शेवटी सीदी सैयदची मशीद पाहिली. १५७२–७३ सालची, म्हणजे गुजरातची सल्तनत मावळत असतानाची ही वास्तू एका हबशी सरदाराने बांधविली. तिच्या अर्धवर्तुळाकार खिडक्यांत दगडाच्या जाळ्या आहेत; त्यांपैकी एकीत एकमेकांत गुंतलेल्या फांद्यांचे झाड कोरले आहे. ते शहराचे चिन्हच होऊन बसले आहे. मागून उजेड आला, की दगड नाहीसा होतो आणि झाड तेवढे उरते.

जतन कोणी करावे?

मशिदी, कबरी, दरवाजे यांचे रक्षण पुरातत्त्व खाते करते. पोळांतील घरांचे तसे नाही. वारसा म्हणून नोंदलेली दोन हजारांहून अधिक घरे खाजगी मालकीची आहेत आणि जागतिक वारशाचा मान टिकावयाचा तर तो त्यांच्याच आधारावर. महानगरपालिकेने त्यासाठी एक युक्तीची योजना केली आहे. यादीतील घर न पाडता त्याचे जतन करणाऱ्या मालकाला, त्या जागेवर त्याने न वापरलेला बांधकामाचा हक्क विकता येतो. शहरात अन्यत्र इमारत बांधणारा तो विकत घेतो आणि ती रक्कम जुन्या घराच्या दुरुस्तीस लागते. कल्पना उत्तम आहे. पण तिची पहिली पायरी म्हणजे मालकीचे निर्विवाद कागद, आणि अनेक घरे अडतात ती याच पायरीवर. तेव्हा सुतार आणि गवंडी यांच्या जोडीला समजूत घालणारा वडीलधारा आणि कागद नीट करून देणारा जाणता वकील, हेही वारसा जतन करणारेच कारागीर समजले पाहिजेत.

आणि राहणाऱ्यांची सोय पाहिली पाहिजे. आजाऱ्याला नेण्याची व्यवस्था, वाहनतळ, आग विझविण्याची साधने, स्वच्छ सांडपाणी यांवाचून कोणी केवळ कोरीव घोड्यांच्या प्रेमाखातर पोळेत राहणार नाही. राहती माणसे गेली, की टाके कोरडे पडते, चबुतऱ्यावर दाणे पडत नाहीत आणि वाळवीला मोकळे रान मिळते. प्रवाशांच्या कौतुकाने ही उणीव भरून निघत नाही.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी

कार्तिक ते माघ हा काळ उत्तम. उन्हाळ्यात येथे पायी हिंडणे कठीण. पदयात्रेसाठी आठाच्या आधी कालुपूरच्या मंदिरात पोचावे. चपला सहज काढता-घालता येतील अशा असाव्यात, कारण देवळे, देरासरे आणि मशीद मिळून त्या अनेकदा काढाव्या लागतात. मुलांना अवश्य न्यावे. चोरवाटा त्यांना सर्वांत अधिक आवडतात. कोणाच्या ओट्यावर बसण्यापूर्वी विचारावे, घरांत डोकावून छायाचित्रे घेऊ नयेत. पोळ हे संग्रहालय नाही; तेथे कोणाचा तरी स्वयंपाक चाललेला असतो. तीन दरवाजापाशी मधल्या गर्दीत थोडे थांबून ती शिळा शोधावी, आणि आपल्याबरोबर मुली असतील तर तिचा अर्थ त्यांना सांगावा.

आपल्याकडे पैठण, वाई, नाशिक येथील जुन्या आळ्यांत हेच प्रश्न निराळ्या रूपांत उभे आहेत. तेथील वाड्यांतही तुळया कुजत आहेत आणि मिळकतपत्रिकेवर नावे वाढत आहेत. आपल्या गावच्या जुन्या वाड्यापुढून जाताना त्याचे बांधकाम कोणत्या शतकातले, एवढेच विचारून थांबू नये. त्याचे वारस कोण, त्यांत मुलींची नावे आहेत काय, आणि ते सारे एका जागी बसून बोलतात काय, हेही विचारावे. वाडा उभा राहील की नाही, हे बहुधा या उत्तरांवर ठरते.